आधी पठाण, मग इंजिन

(दृश्य: आंजर्ल्याची खाडी, ओहोटी. काठावर टेकू लावून उभ्या केलेल्या बोटींची रांग. मे महिन्याचे शेवटचे दिवस.)

मे अखेरीला दापोलीजवळचं हर्णै बंदर रिकामं होतं आणि आंजर्ल्याची खाडी भरते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हर्णैला समोर सुवर्णदुर्ग किल्ल्याचा आडोसा असला तरी पावसाळ्यातला दर्या तिथे बोटीला थारा देत नाही. मग मोठ्या भरतीचं पाणी धरून बोटी खाडीत आत घ्यायच्या, काठाला ओढायच्या, दोन्ही अंगांनी टेकू द्यायचे आणि झावळ्या नाहीतर ताडपत्री घालून शाकारून टाकायच्या. सध्या काठभर हीच लगबग चालू आहे. जाळी उतरतायत, दोरखंड सुकायला पडलेत.

रांगेतल्या शेवटच्या बोटीपाशी मात्र कुणाला घाई नाही. सुमारे ४० फूट लांबीची ही बोट. सागाच्या फळ्या, आत बाभळीचे वांक, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या वाकड्या फासळ्या, आणि सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. गेले दोन हंगाम ती पाण्यात उतरलेली नाही. ऑगस्टमध्ये बाकीच्या सगळ्या जातील. हिचं काय करायचं, ते आज ठरवायचं आहे.

(दृश्य: बोटीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या उभ्या लाकडापाशी, थांबलेला नाखवा, बोटीचा मालक. त्याच्या हातात जुन्या पावत्यांची पिशवी.)

बोट नाखव्याच्या वडिलांनी बांधून घेतली. घरात आता तीन मतं आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, मोडीत काढा आणि फायबरची घ्या. आई म्हणते, आधी रंग तरी देऊन बघा. आणि मेहुणे म्हणतात, इंजिन चांगलं आहे, म्हणजे बोट चांगली आहे.

मेहुण्यांचं हे मत किनाऱ्यावर सगळीकडे ऐकू येतं, आणि तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. इंजिन धडधडलं, धूर निघाला की माणसाला बोट जिवंत वाटते. पण इंजिन ही बाजारातून आणायची वस्तू आहे. पैसे मोजले की दुसरं मिळतं. पठाण, म्हणजे तळाचा तो एकसंध ओंडका ज्यावर नाळ उभी राहते आणि सगळे वांक बसतात, तो बदलायचा तर बोट पूर्ण सोडवावी लागते. पठाण बदललेल्या बोटीला दुरुस्त केलेली म्हणायचं की नवी बांधलेली, यावर मिस्त्री लोक वाद घालत नाहीत. मजुरी नव्या बोटीची लावतात. म्हणून जुन्या बोटीचा निकाल खालून वर लावायचा, आणि इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

(दृश्य: मिस्त्री येतात. खांद्यावर पिशवी. त्यातून हातोडी, टोच्या, खडू आणि लाइनदोरीचं रीळ काढून फळीवर मांडतात.)

मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर लाकडी बोटी बांधल्या; अलीकडे दुरुस्त्याच जास्त.

नाखवा म्हणतो, "काका, फटी बघा केवढ्या पडल्यात. आतून उजेड दिसतोय."

मिस्त्री फटीकडे बघतही नाहीत. "ती दोन वर्षं उन्हात आहे रे. फटी पडणारच. पाण्यात गेली की लाकूड फुगेल नि मिटतील. तू त्यात काही भरलंस नाही ना?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वाळून आक्रसलेल्या फळ्यांच्या फटी बघून माणूस घाबरतो आणि त्यात कडक मसाला ठासून भरतो. बोट पाण्यात गेली की फळ्या फुगतात, त्यांना फुगायला जागा उरत नाही, आणि मग त्या एकमेकींना रेटत खिळे उपटतात, वांकांवर ताण आणतात. फटीत कापसाचा पिळा बसवायचा तो हाताच्या अंदाजाने, वर राळ आणि तेल. किती ठोकायचं आणि कुठे थांबायचं, हे हातालाच कळतं. या बोटीच्या फटी सुदैवाने तशाच सोडलेल्या आहेत.

(दृश्य: लाइनदोरी. एक टोक पठाणाच्या पुढच्या बाजूला, दुसरं मागच्या बाजूला खिळ्याला बांधलेलं. दोरी ताणली जाते.)

पहिली तपासणी दोरीची. बोटीचा मधला भाग रुंद असतो, पाणी त्याला भरपूर उचलून धरतं. पुढचं आणि मागचं टोक अरुंद, तिथे पाण्याचा आधार कमी, पण वजन तर असतंच. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की दोन्ही टोकं हळूहळू खाली येतात आणि पठाण मध्ये उचललं जातं. काठावर टेकू चुकीचे लावले तरी हेच होतं. अशी बोट रंगवून कितीही सुंदर दिसली तरी तिचा आकार मोडलेला असतो. मग शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, सरळ राहत नाही, फळ्यांचे जोड सतत सुटतात, आणि दर वर्षी नव्या ठिकाणी पाणी येतं.

दोरी ताणल्यावर मिस्त्री मधोमध हात घालतात. दोरी आणि पठाण यांच्यामध्ये हाताचं जेमतेम एक बोट मावतं. ते दोन्ही टोकांशी जाऊन पुन्हा बघतात, मग दोरी सोडतात. ४० फुटांवर एवढं चालतं. पठाण शाबूत आहे.

आता हातोडी.

(दृश्य: जवळून. हातोडीचा हलका ठोका. फळीवरून फळीवर, नाळेपासून मागे. ध्वनी स्पष्ट ऐकू यावा. इथे संगीत नको.)

निरोगी सागावर हातोडी पडली की खणखणीत आवाज येतो आणि हातोडी हातात परत उसळते. कुजलेल्या लाकडावर आवाज बसका येतो, हातोडी तिथेच थबकते. मिस्त्री डोळे मिटून ऐकत नाहीत; ते बोलत बोलत ठोकतात, आणि आवाज बदलला की बोलणं मध्येच थांबतं. मग तिथे टोच्या. पठाणाला लागून असलेली पहिली फळी, नाळेचा जोड, वांकांची खालची टोकं, इंजिनाखालचे पाट आणि मागची आडवी फळी. या पाच जागा आधी. इथे टोच्या पाव इंच गेला तर ठीक. मुठीपर्यंत गेला तर पुढे बोलायचं काही राहत नाही.

खालच्या फळ्यांत टोच्या शिरत नाही. पुढच्या बाजूलाही नाही. मागे मात्र, इंजिनाच्या पलीकडे, मिस्त्रींचं बोलणं थांबतं.

(दृश्य: टोच्या आत जातो. बाहेर येताना त्याच्याबरोबर तपकिरी, ओला भुगा.)

खारं पाणी लाकूड कुजवतं असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात बोट कुजते ती बहुतेक गोड्या पाण्याने. मीठ मुरलेल्या लाकडात बुरशीला जगणं अवघड जातं. पावसाचं पाणी डेकच्या फटीतून आत उतरतं, एखाद्या कोपऱ्यात साचतं, वारा लागत नाही, आणि तिथे बुरशी धरते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत असेल तर ती वाढू शकत नाही. म्हणजे छप्पर नीट असतं आणि तळातून हवा खेळती असती, तर ही बोट उभ्या उभ्या कुजली नसती. दोन पावसाळे ताडपत्री फाटकी होती. मागच्या भागाचं नुकसान दर्याने केलेलं नाही, काठाने केलेलं आहे.

खालून दुसरा शत्रू असतो: लाकूड पोखरणारा किडा. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला जीव आहे. फळीवर बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं, आत मात्र बोटाएवढी भुयारं, चुन्याचा पांढरा थर दिलेली. हातोडीच्या ठोक्याने ती कळतात. पूर्वी लोक तळाला मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल लावत, काजूच्या टरफलाचं तेल लावत, ते यासाठीच. शिवाय बोट काही आठवडे कोरडी राहिली किंवा पावसाळ्यात खाडीच्या गोड्या झालेल्या पाण्यात उभी राहिली तर हा जीव तगत नाही. या बोटीला किड्याच्या जुन्या खुणा दोन फळ्यांवर आहेत. नव्या नाहीत.

(दृश्य: अगदी जवळून. मिस्त्री फळीतला एक खिळा सुटा करतात.)

आता जे दिसतं ते जुनी बोट घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी बघावं. चांगल्या दिसणाऱ्या फळीतून मिस्त्रींनी मुद्दाम एक खिळा काढला. डोकं जाड, चौकोनी, अजून भक्कम. टोकही बरं. पण मधला भाग, जिथे फळी आणि वांक एकमेकांना टेकतात, तिथे खिळा सुतळीएवढा उरलाय. त्याच जोडात पाणी थांबतं, तिथेच लोखंड गंजतं, आणि तो गंज भोवतालचं लाकूडही काळं, ठिसूळ करत जातो. बाहेरून फळी घट्ट दिसते, आणि तिला धरून ठेवणारं आत जवळपास काही नसतं. मिस्त्री आणखी तीन ठिकाणचे खिळे काढतात. पुढचे दोन चांगले निघतात, मागचा पहिल्यासारखाच.

"पुढची अर्धी बोट वापरलेली आहे," मिस्त्री सांगतात. "मागची झिजलेली आहे. इंजिन मागे असतं ना."

यामागे किनाऱ्याचा इतिहासही आहे. आपल्याकडच्या बोटींचे मूळ आकार शिडाच्या काळातले. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात मच्छीमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. त्याच सुमाराला आपल्याकडे सातपाटीसारख्या गावांनीही बोटींना इंजिनं बसवायला सुरुवात केली. शिडाचा ताण डोलकाठीच्या बुडाशी यायचा, इंजिनाचा हादरा मागच्या भागात येतो, आणि तो थांबत नाही. तास न् तास थरथर. खिळे सैल होतात, पाटाखालचे वांक चिरतात, शाफ्टच्या नळीभोवती पाणी येऊ लागतं. ताकदीचं इंजिन बसवलं की वेग वाढतो, आणि मागच्या भागाचं आयुष्य तेवढं घटतं.

(दृश्य: बोटीची डावी बाजू. फायबरचं एक मोठं ठिगळ, कडेने सुटलेलं.)

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोलीच्या किनाऱ्याने बराच मार खाल्ला. खाडीत बांधलेल्या बोटी एकमेकींवर आदळल्या. या बोटीची डावी बाजू तेव्हा चेपली. त्या घाईत कुणीतरी वरून फायबर मारून दिलं. मिस्त्री ठिगळाची कड धरून ओढतात, आणि ते हाताने निघून येतं. ठिगळामागचं लाकूड अजून ओलं आहे.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. फायबरची बोट वाईट नाही. हलकी असते, किडा लागत नाही, वर्षाची देखभाल कमी. पण जुन्या ओल्या लाकडावर मारलेलं फायबर हे बोटीचं दुखणं झाकण्याचा सर्वात महाग मार्ग आहे. तेलकट, ओल्या लाकडाला रेझिन नीट धरत नाही. लाकूड पाण्याने फुगतं, उन्हाने आक्रसतं. फायबर त्याच्याबरोबर हलत नाही. कुठेतरी ओरखडा पडतो, पाणी आत जातं, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच राहतं. दोन-तीन वर्षांत आतली फळी लगदा होते आणि बाहेरून बोट गुळगुळीत दिसत राहते. कुणी जुनी लाकडी बोट विकायला काढली असेल आणि ती वरपासून खालपर्यंत फायबरने मढवलेली असेल, तर मी ती घेणार नाही. तिची तपासणीच करता येत नाही.

(दृश्य: मिस्त्री खडूने फळ्यांवर खुणा करतायत. फुली आणि गोल.)

फुली म्हणजे फळी बदलायची. गोल म्हणजे तुकडा जोडून भागेल. खूण नाही म्हणजे हात लावायचा नाही. तिसरी गोष्ट पाळायला सगळ्यात कठीण. कारागीर नवखा असला की त्याला सगळंच नवं करावंसं वाटतं, आणि जुना, मुरलेला साग काढून त्या जागी कच्चं लाकूड बसतं. सागाचा गाभा टिकतो, कडेचं पांढरं लाकूड टिकत नाही, आणि आजच्या फळीत पांढरा भाग किती येईल याचा भरवसा नाही.

खुणा पूर्ण होतात. मागची आडवी फळी पूर्ण जाणार. मागच्या बाजूच्या फळ्यांपैकी बऱ्याच फुलीच्या. इंजिनाखालचे पाट दोन्ही नवे. मागच्या वांकांची खालची टोकं कुजलेली. मधल्या भागापासून पुढे मात्र जवळजवळ खडूच लागलेला नाही.

निम्म्याहून जास्त वांक गेले असते तर मिस्त्रींनी पिशवी उचलली असती. पठाण किंवा नाळ गेली असती तरीही. इथे तसं नाही.

आता कुठे इंजिन.

(दृश्य: इंजिनखोली. नाखव्याचा मुलगा टॉर्च धरून.)

ऑइलची पट्टी बाहेर काढली तर ऑइल दुधाळ. म्हणजे त्यात पाणी आहे. हाताने फिरवून बघितलं, फिरतं, जाम नाही. पण किती गंज आत गेलाय ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. बोट ढकलणाऱ्या पंख्याला (प्रोपेलरला) एका जागी खरवडलं तर पितळेचा रंग पिवळ्याऐवजी गुलाबीसर निघतो. खाऱ्या पाण्याने पितळेतलं जस्त खाऊन टाकल्याची ही खूण. असा पंखा वरून धड दिसतो आणि जोर आला की पाकळी तुटते. शेजारी जस्ताची वडी बसवायची असते, तिने स्वतः झिजून पंख्याला वाचवायचं. तिची फक्त भोकं उरली आहेत.

मेहुण्यांना चांगलं वाटलेलं इंजिन, थोडक्यात, बोटीतला सर्वात बिघडलेला भाग निघाला.

(दृश्य: सावलीत बसलेले चौघे. मांडीवर वही.)

हिशेबाच्या वेळी बोलणं तापतं. धाकटा भाऊ पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेचं बोलतो. २०२० ला सुरू झालेल्या या योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्या बोटीऐवजी नवी घेण्यासाठी मदत आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत. त्याचं म्हणणं टाकाऊ नाही. सरकारी पैसा नव्याच्या बाजूने असेल, तर जुन्याच्या बाजूने काय आहे, हे दाखवता आलं पाहिजे.

मुलगा म्हणतो, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला वापरू. यावर फार वेळ जात नाही. प्रवासी घ्यायचे तर कागद वेगळे, तपासणी वेगळी, आणि इतकी खोल बोट वाळूच्या किनाऱ्याला लागणार कशी?

खरा प्रश्न मिस्त्रीच विचारतात. "नाखवा, तिच्याकडून काम काय घेणार?"

ट्रॉल, म्हणजे बोटीमागून ओढत न्यायचं जाळं, ओढायचा असेल तर पुन्हा ताकदीचं इंजिन लागणार, पुन्हा मागचा भाग सुटणार. तसं असेल तर भावाचं ऐकावं आणि नवी घ्यावी, असं मिस्त्री सरळ सांगतात. पण उभी जाळी टाकायची असतील, किनाऱ्यापासून बेताच्या अंतरावर, तर लहान इंजिन पुरतं. डिझेल कमी, हादरा कमी, माणसंही कमी. परवान्यावर मासेमारीचा प्रकार बदलून घ्यावा लागेल, तो अर्ज आधी करायचा. लाकूड नंतर.

बोट वाचवण्याजोगी आहे का, याचं एकच उत्तर नसतं, ते इथे उलगडतं. हीच बोट एका कामासाठी निकामी आहे आणि दुसऱ्यासाठी आणखी बरीच वर्षं चालणारी. लोक आधी बोटीवर खर्च करतात आणि मग तिला काम शोधतात. तिथे पैसा बुडतो.

वडिलांची बोट आहे, ही गोष्ट कुणीच बोलून दाखवत नाही. माझ्या मते ती उघड बोलावी. वहीत तिच्यासाठी वेगळी ओळ असावी: या कारणासाठी आपण इतके जास्त खर्च करायला तयार आहोत. असं लिहिलं की ते इतर आकड्यांत शिरून त्यांना फसवत नाही. नाखवा शेवटी ती ओळ लिहितो. आकडा बेताचा आहे.

(दृश्य: नाखवा वही मिटतो.)

ठरलं ते असं. बोट ठेवायची. ट्रॉल बंद, जाळीचं काम. जुनं इंजिन आहे त्या स्थितीत विकायचं, नवं लहान घ्यायचं. येता हंगाम सोडून द्यायचा, कारण उघड्यावर पावसात फळ्या बसवता येत नाहीत, आणि घाईने ओलं लाकूड लावलं तर पुन्हा हेच दिवस. काम दसऱ्यानंतर.

तोवर दोन खर्च लगेच. पहिला छपराचा: नवी ताडपत्री, पण दोन्ही टोकं उघडी, म्हणजे वारा आरपार जाईल. टेकू पुन्हा दोरी लावून बसवायचे. तळातली एक फळी सोडवून ठेवायची, साचलेलं पाणी निघून जाईल. दुसरा खर्च लाकडाचा. साग वखारीतून मिळेल. वांकांसाठी बाभूळ मात्र जागेवर जाऊन निवडावी लागते, कारण सरळ लाकूड कापून वाकडा वांक काढला तर रेषा तुटतात आणि तो ताणाला चिरतो. झाडाचाच बाक वांकाच्या बाकाला जुळला पाहिजे. मिस्त्रींनी जुन्या वांकांचे माप पुठ्ठ्यावर उतरवून घेतले आहेत. ते पुठ्ठे घेऊन फिरायचं.

मिस्त्रींची स्वतःची एक अट आहे. "मी एकटा करणार नाही. दोन पोरं द्या, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. मध्ये दर्यावर पळणारी नकोत."

कोची इथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून आहे, लाकूड टिकवण्यावर तिथे बरंच काम झालं आहे, आणि ते लिहून ठेवलेलं आहे. पण कापसाचा पिळा किती ठोकायचा हे लिहून येत नाही. या खाडीत शाकारलेल्या लाकडी बोटींना पुढच्या २० वर्षांत कोण हात लावणार, हे या अटीवर ठरणार आहे. लाकूड मिळेल, इंजिन मिळेल. कारागीर नसेल तर चांगलं पठाण असलेली बोटही मोडीतच जाईल.

नाखव्याने एक पोरगा म्हणून स्वतःच्या मुलाचं नाव दिलं आहे. दुसरा अजून शोधायचा आहे.